उत्तरपत्रिकेतील सिद्धार्थ

१

विद्यापीठातील इतिहासाच्या विद्यार्थ्यास गौतम बुद्धाच्या चरित्रावर टीप लिहावयास सांगितली, की तिचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. कपिलवस्तूचा राजा शुद्धोदन. त्याचा लाडका पुत्र सिद्धार्थ. दुःखाचे दर्शन घडू नये म्हणून उभारलेले प्रासाद. रथातून फिरावयास निघाल्यावर दिसलेला म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी. आणि मग मध्यरात्री निद्रिस्त पत्नी व नवजात पुत्र यांना सोडून केलेले महाभिनिष्क्रमण. एवढे पाच-सहा वाक्यांत लिहिले की गुण मिळतात. हे कोठून घेतले, असे परीक्षक विचारीत नाही. कारण परीक्षकानेही आपल्या विद्यार्थिदशेत ते असेच लिहिलेले असते.

हाच विद्यार्थी बौद्ध कुटुंबातील असेल, तर रविवारी विहारात तो वेगळी हकीकत ऐकतो. सिद्धार्थाने गृहत्याग केला तो म्हातारा आणि प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा पेटला, शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने त्यास विरोध केला आणि आपल्या कुटुंबीयांवर आपत्ती येऊ नये म्हणून त्याने परिव्रज्या स्वीकारली, असे त्यास सांगितले जाते. ती हकीकतही तो श्रद्धेने ग्रहण करतो. सोमवारी महाविद्यालयात गेल्यावर तो पहिली कथा लिहितो, कारण तिला गुण आहेत. रविवारी दुसरी सांगतो, कारण तिला मान आहे. दोन कथा दोन स्थळी सुखाने नांदतात. त्यांना एकमेकींसमोर उभे करून साक्षीपुरावे तपासण्याचे काम तो करीत नाही आणि कोणी त्यास करावयासही सांगत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हे न केलेले काम आहे. या दोन कथांपैकी खरी कोणती, एवढाच प्रश्न नाही. तो प्रश्न सोडविण्याची रीत ज्या ठिकाणी शिकवावयाची, त्या ठिकाणी ती शिकविली जाते काय, हा खरा प्रश्न आहे. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे उदाहरण यासाठी घेतले, की त्याची साधने उपलब्ध आहेत, देवनागरीत छापलेली आहेत आणि त्यांची चिकित्सा मराठीत ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी झालेली आहे. तरीही विद्यापीठीय इतिहासाच्या वर्गात ती पोहोचलेली नाही.

२

प्रथम साधने काय सांगतात ते क्रमाने पाहू.

चार दृश्यांची कथा गौतमाच्या संदर्भात आपणांस तपशिलाने मिळते ती जातकट्ठकथेच्या प्रारंभी असलेल्या निदानकथेत. ही रचना साधारणपणे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील मानली जाते. संस्कृतात अश्वघोषाच्या बुद्धचरितात आणि ललितविस्तरातही ती कथा आहे. अश्वघोषाचा काळ इसवी सनाचे पहिले-दुसरे शतक धरला जातो. म्हणजे बुद्धाचे महापरिनिर्वाण आणि अश्वघोष यांत किमान चार-पाच शतकांचे अंतर पडते, आणि निदानकथेपर्यंत ते आठ-नऊ शतकांवर जाते.

आता सुत्तपिटकाकडे वळू. दीघनिकायातील महापदानसुत्तात चार दृश्यांची कथा आहे. सारथी आहे, रथ आहे, उद्यानाकडे जाणारा मार्ग आहे. परंतु ती गौतमाची कथा नव्हे. अनेक कल्पांपूर्वी होऊन गेलेल्या विपस्सी बुद्धाविषयी भगवंतांनी सांगितलेली ती कथा आहे. सर्व बुद्धांची चरित्रे एकाच साच्याची असतात, ही कल्पना एकदा दृढ झाल्यावर विपस्सीची कथा गौतमाच्या चरित्रात येऊन बसणे स्वाभाविक होते.

गौतमाने स्वतःच्या तारुण्याविषयी जे सांगितले, ते अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील सुखुमालसुत्तात आहे. तेथे तीन ऋतूंसाठी तीन प्रासाद आहेत, सुखात वाढलेला तरुण आहे, आणि जरा, व्याधी व मरण यांचे चिंतनही आहे. परंतु हे चिंतन आहे, दर्शन नव्हे. इतरांचे वार्धक्य पाहून मनुष्यास किळस वाटते, पण आपणही त्याच नियमाखाली आहोत हे तो विसरतो, असा विचार तेथे आहे. त्या विचाराने तारुण्याचा, आरोग्याचा आणि जीविताचा असे तीनही मद गळून पडले, असे सांगितले आहे. तेथे रथ नाही, सारथी नाही आणि चौथा संन्यासीही नाही. पुढील कथाकारांनी या चिंतनास प्रसंगाचे रूप दिले असावे, असे अनुमान करण्यास येथे जागा आहे.

मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्त तर कथेच्या उत्तरार्धाला सरळ छेद देते. ऐन तारुण्यात, केस काळेभोर असताना, आईवडील नको म्हणत अश्रू ढाळीत असता, केशश्मश्रू काढून व काषाय वस्त्रे परिधान करून आपण अनागारिक झालो, असे तेथे भगवंत सांगतात. रडणारे आईवडील समोर असतील तर मध्यरात्रीचे गुप्त प्रयाण कसे जुळवावयाचे? मायादेवीचे निधन सातव्या दिवशी झाले असेल तर ही आई कोण? महाप्रजापती गौतमीचा निर्देश येथे मानावा, की हे वाक्य प्रव्रज्येच्या वर्णनाचे एक ठरीव वाक्य समजावे? हे प्रश्न अवघड आहेत. पण ज्यास इतिहासाचा प्रश्न म्हणतात तो असाच असतो.

उरतात ती सुत्तनिपातातील दोन सुत्ते. पब्बज्जासुत्तात गृहवास हा संकुचित, धुळीने भरलेला आणि प्रव्रज्या ही मोकळी जागा, एवढेच कारण दिले आहे. अट्ठकवग्गातील अत्तदण्डसुत्तात मात्र निराळा सूर आहे. शस्त्र धारण केल्याने भयच निर्माण झाले. थोड्या पाण्यातील मासे तडफडावेत तशी माणसे तडफडताना आणि परस्परांशी झगडताना पाहिली आणि मनात संवेग उत्पन्न झाला, असा त्याचा आशय आहे.

या दुसऱ्या सुत्ताचे महत्त्व त्याच्या प्राचीनत्वामुळे वाढते, आणि ते प्राचीनत्व केवळ श्रद्धेने मानावयाचे नाही. अवंतीच्या सोण कुटिकण्णाने भगवंतांसमोर अट्ठकवग्ग म्हणून दाखविल्याचा उल्लेख उदानात आणि विनयपिटकात आहे. अट्ठकवग्गावरील निद्देस हे भाष्य स्वतःच पिटकात समाविष्ट झाले आहे. भाष्य पिटकात जावे इतके मूळ जुने. अशोकाने आपल्या भाब्रू येथील लेखात भिक्षू आणि उपासकांनी ऐकावेत म्हणून ज्या सात धम्मपर्यायांची नावे कोरली, त्यांतील काहींची ओळख विद्वानांनी सुत्तनिपातातील सुत्तांशी पटविली आहे. याला म्हणतात साधनांचे स्तर लावणे. एकाच नायकाविषयीच्या चार साक्षींचे वय निरनिराळे असेल, तर त्यांना एका पंक्तीत बसवून चालत नाही.

३

ही सर्व सामग्री मराठी वाचकांपुढे मांडली ती धर्मानंद कोसंबी यांनी. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या पुरुषास शालेय शिक्षण जेमतेम लाभले होते. बुद्धाच्या शोधात तो नेपाळला गेला, सिंहलद्वीपात पालि शिकला, ब्रह्मदेशात राहिला; हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनास त्याने साहाय्य केले आणि पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकविली. भाब्रू लेखातील धम्मपर्यायांची ओळख पटविण्याच्या चर्चेतही १९१२ मध्ये त्यांनी भाग घेतला होता. म्हणजे स्तर लावण्याची विद्या त्यांनी ऐकीव घेतलेली नव्हती. ती त्यांच्या हातची होती.

‘भगवान बुद्ध’ मध्ये त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली खंडनाची: चार दृश्यांची कथा विपस्सीच्या चरित्रातून गौतमाच्या चरित्रात आली, आणि शुद्धोदन हा सर्वसत्ताधीश महाराजा नसून कोसलाच्या अधीन असलेल्या शाक्यांच्या गणातील एक होता, असे त्यांनी दाखविले. या दुसऱ्या विधानासही पिटकाचा आधार आहे. पसेनदी कोसलराजा भगवंतांना आपणां दोघांनाही कोसलक म्हणतो तो मज्झिमनिकायात, आणि पब्बज्जासुत्तात खुद्द गौतमही बिंबिसाराला आपल्या लोकांचा निर्देश कोसलवासी असाच करून देतो. दुसरी गोष्ट मंडनाची: अत्तदण्डसुत्तातील संवेगाचा संबंध त्यांनी शाक्य-कोलियांच्या कलहाशी जोडला आणि शस्त्रधारणाविषयीचा उद्वेग हे गृहत्यागाचे एक मुख्य कारण असावे, असा निष्कर्ष काढला.

यांपैकी खंडनाचा भाग माझ्या मते निर्णायक आहे. मंडनाच्या भागाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही, आणि ते स्पष्टपणे सांगणे हाच धर्मानंदांविषयीचा खरा आदर होय. अत्तदण्डसुत्ताच्या गाथांत रोहिणीचे नाव नाही. शाक्यांचे नाही, कोलियांचेही नाही. रोहिणीच्या पाण्यावरील तंट्याची कथा येते ती अट्ठकथांत, म्हणजे जातकांच्या आणि धम्मपदाच्या टीकांत. या सुत्ताचा त्या तंट्याशी संबंधही अट्ठकथेनेच जोडला आहे. परंतु तेथे तो प्रसंग बुद्धत्वप्राप्तीनंतरचा आहे: दोन्हीकडील लोक शस्त्रे घेऊन उभे असता भगवंत तेथे जातात आणि पाण्याचे मोल अधिक की रक्ताचे, असे विचारून त्यांना परावृत्त करतात. मग अडचण अशी, की निदानकथा उत्तरकालीन म्हणून आपण तिची साक्ष नाकारावयाची आणि तशाच उत्तरकालीन अट्ठकथेतील तंटा मात्र स्वीकारावयाचा. तोही तिने सांगितलेल्या काळातून उचलून गृहत्यागाच्या आधी नेऊन ठेवावयाचा. हे अनुमान अशक्य आहे असे नाही. नदीच्या पाण्यावरून शेजारच्या जमातींचे तंटे एकदाच होत नसतात. तंट्याची जुनी आठवण पुढे निराळ्या प्रसंगास चिकटली असणेही संभवते. परंतु जे संभवते ते घडलेच असे म्हणता येत नाही.

धर्मानंदांना हा भेद ठाऊक होता, असे मानण्यास एक आधार आहे. या विषयावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ नावाचे नाटकही लिहिले. इतिहासाच्या ग्रंथात साधनांच्या आधारे कारणमीमांसा मांडावयाची आणि तिला माणसे, संवाद व प्रसंग द्यावयाचे ते नाटकात, ही वाटणी पुरेशी बोलकी आहे. आपण मात्र पुष्कळदा नाटक वाचावे तसा इतिहास वाचतो.

४

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाविषयी येथे लिहिणे अपरिहार्य आहे, आणि ते संकोचाने लिहिण्याचे कारण नाही. त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी जे प्रश्न उपस्थित केले, त्यांतील पहिलाच प्रश्न परिव्रज्येचा आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, रोगी वा प्रेत पाहिलेच नव्हते, हे पटण्यासारखे आहे काय, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे. यालाच इतिहासाच्या परिभाषेत अंतर्गत चिकित्सा म्हणतात. साधन कितीही पूज्य असो, त्यातील कथन संभाव्य आहे काय, हे विचारण्याचा अधिकार त्यांनी आपल्या अनुयायांना या प्रास्ताविकातून दिला.

ग्रंथाच्या पहिल्या भागात त्यांनी जी हकीकत दिली, तिचा गाभा म्हणजे रोहिणीचा तंटा आणि शस्त्रांविषयीचा उद्वेग हा परंपरेत आहे. तो गृहत्यागाशी जोडण्याची वाट धर्मानंदांनी दाखविली होती. परंतु सेनापतीचा युद्धप्रस्ताव, संघाच्या सभेतील वादविवाद, मतदान, सिद्धार्थापुढे ठेवलेले पर्याय हा तपशील त्रिपिटकातून जसाच्या तसा उचललेला नाही. ती बाबासाहेबांची पुनर्रचना आहे. शाक्यांचा गण, गणांची सभा आणि ठरावाची पद्धती यांविषयी जे ज्ञात होते, त्याच्या चौकटीत त्यांनी तुटलेले दुवे सांधले. दुवे तुटलेले असता इतिहासकाराने कल्पनाशक्तीचा उपयोग करावा की नाही, या प्रश्नाची चर्चा त्यांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ च्या प्रस्तावनेत आधीच केलेली आहे. आपण काय करीत आहोत, हे त्यांना पूर्णपणे माहीत होते.

मग दोष कोणाचा? पुनर्रचनेला नोंद समजणाऱ्या आपणां वाचकांचा. बाबासाहेबांचा ग्रंथ हा धम्मग्रंथ आहे. नव्याने दीक्षित झालेल्या समाजास बुद्ध हा दुःखाला भिऊन पळालेला राजपुत्र नसून कलहाच्या प्रश्नाला सामोरा गेलेला पुरुष होता, हे सांगणे त्याचे कार्य आहे आणि ते त्याने समर्थपणे केले. परंतु त्याच ग्रंथातील हकीकत इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आधाराविना लिहिणे आणि निदानकथेतील हकीकत आधाराविना लिहिणे, यांत शिस्तीच्या दृष्टीने फरक नाही. बाबासाहेबांनी जुन्या कथेला प्रश्न विचारला. आपण त्यांचे उत्तर पाठ केले आणि प्रश्न विचारण्याचे सोडून दिले. कालामांना दिलेला उपदेश आपण भिंतीवर लिहितो. परंपरेने सांगितले वा ग्रंथात आले एवढ्यावरून स्वीकारू नये, हा त्याचा आशय आपल्या आवडत्या कथेच्या बाबतीत मात्र आपणांस आठवत नाही.

हे कटू वाटेल. परंतु यात आपलेच हित आहे. प्रतिपक्षाने अट्ठकथा उघडून रोहिणीचा तंटा बुद्धत्वानंतरचा आहे असे दाखविले, तर आपला विद्यार्थी निरुत्तर होतो आणि सर्वच खोटे होते की काय अशा संशयात पडतो. त्याला आधीच सांगितले असते, की खंडन भक्कम आहे, अत्तदण्डसुत्ताची गाथा जुनी आहे आणि रोहिणीशी जोड हे अनुमान आहे, तर तो कोणत्याही सभेत ताठ मानेने उभा राहिला असता.

५

आता विद्यापीठाकडे वळू. तेथे ही शिस्त शिकविलीच जात नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इतिहासलेखनशास्त्र नावाचा विषय इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सामान्यतः असतोच. त्यात प्राथमिक आणि दुय्यम साधनांचा भेद शिकवितात, बाह्य चिकित्सा आणि अंतर्गत चिकित्सा यांच्या व्याख्या सांगतात, रांके आणि कार यांची मते सांगतात. विद्यार्थी ती मते लिहून उत्तम गुण मिळवितो; आणि त्याच परीक्षेत प्राचीन भारताच्या प्रश्नपत्रिकेत रथ, सारथी, म्हातारा आणि प्रेत लिहून येतो. पहिल्या उत्तरातील शास्त्र दुसऱ्या उत्तरातील कथेला स्पर्श करीत नाही. शास्त्र हा स्वतंत्र पेपर झाला आणि स्वतंत्र पेपर झाल्यामुळेच ते निष्प्रभ झाले.

दुसरे कारण विभागांच्या भिंतींचे आहे. पालि भाषेच्या विभागात सुत्तनिपात शिकविला जातो, पण काव्य आणि भाषा म्हणून; इतिहासाच्या विभागात बुद्ध शिकविला जातो, पण सुत्तनिपाताविना. इतिहासाच्या विद्यार्थ्यास पालि येत नाही आणि पालिच्या विद्यार्थ्यास साधनांची चिकित्सा हे आपले काम वाटत नाही. यातील विसंगती अशी, की महाराष्ट्रात सामग्रीची उणीव कधीच नव्हती. धर्मानंदांचे शिष्य पु. वि. बापट यांनी सुत्तनिपात देवनागरीत संपादून १९२४ मध्ये पुण्यात प्रसिद्ध केला. निदानकथा मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पालि ग्रंथमालेत ना. के. भागवत यांनी संपादिली. धर्मानंदांनी केलेला सुत्तनिपाताचा मराठी अनुवादही उपलब्ध झाला. नालंदेहून भिक्षू जगदीश काश्यप यांच्या संपादकत्वाखाली संपूर्ण त्रिपिटक देवनागरीत निघाले, आणि इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथांसह ते पुन्हा छापले. म्हणजे वादी आणि प्रतिवादी दोघांच्याही साक्षी ग्रंथालयाच्या कपाटात शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्या वाचण्याची आवश्यकता कोणत्याही प्रश्नपत्रिकेने निर्माण केली नाही, एवढेच.

तिसरे कारण प्रश्नांच्या स्वरूपाचे आहे. ‘बुद्धाच्या जीवनाचा आढावा घ्या’ या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शक पुस्तिकेतून पाठ करता येते. ‘बुद्धाच्या गृहत्यागाविषयीच्या दोन साधनांची तुलना करून त्यांची विश्वसनीयता ठरवा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येत नाही, आणि तपासणेही सोपे नाही. शेकडो उत्तरपत्रिकांचा गठ्ठा समोर असलेल्या प्राध्यापकाची अडचण खरी आहे. परंतु त्या अडचणीची किंमत कोण देतो? ग्रामीण भागातून आलेला, घरात पहिल्याने महाविद्यालय पाहिलेला विद्यार्थी ती देतो. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, त्याला विचार करण्याची रीत अन्यत्रही मिळेल. ज्याच्या घरी ती नाहीत, त्याला विद्यापीठाने केवळ आणखी एक कथा दिली तर त्याच्या पूर्वजांच्या स्थितीत आणि त्याच्या स्थितीत पदवीपत्राखेरीज फरक कोणता? पूर्वजांनाही कोणीतरी कथाच सांगितल्या होत्या, आणि त्या तपासण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

६

या टीकेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की चार दृश्यांची कथा प्रतीकात्मक आहे. जरा, व्याधी आणि मरण ही सत्येच आहेत. मग तिच्यातील रथावर वाद कशाला? यास उत्तर असे, की कवीला आणि शिल्पकाराला ही मुभा आहे, आणि अश्वघोषाने तिचे सोने केले. परंतु प्रतीकास घटना म्हणून नोंदविणे हा इतिहासाचा धर्म नव्हे. शिवाय ही कथा टाकून द्या असे येथे सुचविलेले नाही. उत्तरकालीन साधन निरुपयोगी नसते. ते ज्या काळाविषयी बोलते त्यापेक्षा ज्या काळात रचले गेले त्याचे ते उत्तम साक्षीदार असते. गणातील एका शाक्याचा महाराजपुत्र का झाला? चिंतनाचा चमत्कार का झाला? कोणत्या श्रोत्यांना अशा बुद्धाची गरज होती? हे प्रश्न विचारले की तीच कथा इतिहासाचे मोलाचे साधन होते.

दुसरा आक्षेप असा, की एवढी काटेकोर चिकित्सा केली तर बुद्धाच्या चरित्रात उरते तरी काय? उरते ते पुष्कळ आहे, आणि जे उरते ते हलणारे नाही. लुम्बिनी येथे १८९६ मध्ये प्रकाशात आलेल्या स्तंभावर येथे शाक्यमुनी बुद्धाचा जन्म झाला, असे अशोकाने कोरून ठेवले आहे आणि त्या गावाचा सारा आठव्या भागावर आणल्याची नोंद केली आहे. जन्मस्थानाविषयी जुनी आणि शिळेवर कोरलेली अशी साक्ष प्राचीन काळच्या किती पुरुषांच्या वाट्यास आली? एकोणतिसाव्या वर्षीची प्रव्रज्या महापरिनिब्बानसुत्तात आहे. रडणारे आईवडील आहेत, संकुचित गृहवास आहे, थोड्या पाण्यातील मासे आहेत. हा पुरुष अलंकारांविना उभा राहतो. आणि मला विचाराल तर अधिक उंच दिसतो.

करावयाचे काय, हे सांगितल्याविना टीका पुरी होत नाही. पदवीच्या पहिल्या वर्षी महापदान, सुखुमाल, अरियपरियेसन आणि अत्तदण्ड या चार सुत्तांतील संबंधित उतारे आणि निदानकथेतील एक उतारा मराठी अनुवादात विद्यार्थ्याच्या हाती द्यावेत. ही सारी सामग्री आठ-दहा पृष्ठांपलीकडे जाणार नाही. त्यांचा काळक्रम लावणे, विसंगती टिपणे, आणि कोणते विधान आधाराने म्हणता येते व कोणते अनुमानाने, हे दोन स्तंभांत लिहून काढणे, एवढेच त्याला सांगावे. एका सत्रात एकच प्रश्न असा सोडविला, तरी इतिहासलेखनशास्त्राचा पेपर त्यास पुढे कंठस्थ करावा लागणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी आणि प्राकृताबरोबर पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचे सार्थक सत्कारसमारंभांत होणार नाही. इतिहासाच्या वर्गात पालिचे एक पान उघडले गेले तर होईल.

विहारांचे कामही याहून निराळे नाही. रविवारच्या धम्मवर्गात रोहिणीची हकीकत अवश्य सांगावी. पण तिच्याबरोबर अत्तदण्डसुत्तही वाचावे, आणि गाथेत काय आहे, अट्ठकथेत काय आहे, धर्मानंदांनी काय जोडले व बाबासाहेबांनी काय रचले, हे वेगवेगळे सांगावे. मुलांना हे समजणार नाही, ही भीती व्यर्थ आहे. कोणी काय पाहिले आणि कोणी नुसते ऐकले, हा भेद गावच्या पंचायतीत बसणाऱ्या निरक्षर माणसालाही कळत आला आहे.

सोमवारचा सिद्धार्थ आणि रविवारचा सिद्धार्थ असे दोन सिद्धार्थ मनात बाळगणारा विद्यार्थी दोघांशीही अप्रामाणिक राहतो. आणि त्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही. दोघांना एका टेबलावर आणून त्यांच्या साक्षी तपासण्याचे धैर्य त्यास देणे हे विद्यापीठाचे काम होते आणि विहाराचेही. ते ज्या दिवशी आपण करू, त्या दिवशी त्याच्या उत्तरपत्रिकेत कथा थोडी आखूड होईल, आणि प्रत्येक विधानापुढे ते कोठून घेतले हे लिहिलेले असेल.